वाऱ्यावरच्या आठ छत्र्या

हेमांगी दोन दिवस माहेरी माकुणसारला काय गेली, मागे तिच्या धाकट्या दिराने मांडव उतरवून टाकला. ती परत आली तेव्हा जुन्या झावळ्यांचा ढीग विहिरीपाशी पडला होता, आणि जिथे बारा वर्षं सावली होती तिथे आठ टेबलं उन्हात मांडली होती. प्रत्येक टेबलाच्या मधोमध भोक, आणि भोकातून वर आलेली एकेक छत्री. नऊ फुटी, मलईच्या रंगाची, कडेला झालर.

"कशा वाटतात, वहिनी?" प्रीतमने विचारलं.

हेमांगी आधी पाणी प्यायली. मग तिने मांडव कुणाला विचारून उतरवला, एवढंच विचारलं. प्रीतम म्हणाला, विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता. हे खरंच होतं, त्यामुळे तिला आणखी राग आला.

चिंचणीच्या किनाऱ्याला लागून सावे कुटुंबाची चिकूनारळाची वाडी. वाडीच्या दर्याकडच्या टोकाला, सुरूच्या झाडांच्या अलीकडे, हेमांगीने बारा वर्षांपूर्वी चार टेबलांवर खानावळ सुरू केली. नवरा कमलेश तारापूरला कारखान्यात पाळीवर जायचा, घरी असला की झोपलेला असायचा. खानावळ तिची एकटीची. तळलेलं पापलेट, ओल्या बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. रविवारी बोईसरहून माणसं गाड्या भरभरून यायची आणि झावळ्यांच्या मांडवाखाली हात वाळेपर्यंत गप्पा मारत बसायची. दोन वर्षांपूर्वी बोईसरची नोकरी सोडून प्रीतमही यात आला. माणूस मेहनती होता, गोड बोलणारा होता, पण त्याला सगळं फोटोत कसं दिसेल याची फार काळजी. मांडव फोटोत काळा यायचा. छत्र्या उजळ येणार होत्या.

मांडव दर वर्षी नव्याने शाकारायचा तो झिपरू. डोंगराकडच्या पाड्यावरचा हा वारली माणूस वीस वर्षं सावेंच्या वाडीत कामाला होता. साठी उलटलेला, मोजकं बोलणारा. त्याने आठही छत्र्यांखालून एक फेरी मारली, एका दांड्याला बोटाने ढकलून बघितलं. दांडा बोटभर हलला.

"वारा आल्यावं काय?" त्याने विचारलं.

प्रीतमने त्याला प्लास्टिकचे बेस दाखवले. टेबलाखाली गोल डबा, त्यात पाणी भरायचं, मधल्या नळीत दांडा खोचायचा, बाजूचा स्क्रू पिळायचा. झिपरूने ते सगळं ऐकून घेतलं आणि विहिरीवर निघून गेला.

चिंचणीला दुपारी दोनच्या सुमारास दर्यावरून वारं सुटतं. हे रोजचंच, त्याला कुणी वारा म्हणतही नाही. वाळत घातलेलं लुगडं त्यात एका बाजूला होतं, इतकंच. पण नऊ फुटी छत्री म्हणजे लुगडं नव्हे. तिसऱ्या दिवशी सव्वादोनला चौथ्या टेबलाची छत्री खालून वारं भरून फुगली, टेबल दोन पायांवर उभं राहिलं, आणि भाकरी, कालवण, सोलकढी असं सगळं पालघरहून आलेल्या एका निवृत्त मास्तरांच्या मांडीवर रिकामं झालं. मास्तर भले, काही बोलले नाहीत. हेमांगीने त्यांना कमलेशचा लेंगा घालायला दिला आणि त्यांची पँट धुऊन वाळत घातली. पँट मात्र त्या वाऱ्यात पंधरा मिनिटांत वाळली.

प्रीतमने दुकानदाराला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून हेमांगीलाही ऐकू आलं. दुकानदार म्हणाला की हा बेस गच्चीबाल्कनीचा आहे, तुम्ही समुद्रावर लावणार हे सांगितलं कुठे? समुद्रावर एक तर जमिनीत पाइप पुरून त्यात दांडा बसवायचा, नाहीतर वारा सुटला की छत्री मिटायची. मिटून पट्टा आवळायचा, नुसती मिटून सोडायची नाही. शिवाय तुमच्या छत्रीला वरच्या बाजूला वारा निघून जायला फट नाही, फटीची वेगळी येते, ती तुम्ही घेतली नाहीत.

"तुम्ही दाखवलीच नाहीत," प्रीतम म्हणाला.

"तुम्ही विचारलंच नाही," दुकानदार म्हणाला.

जमिनीत पाइप पुरायला प्रीतम तयार होईना. लग्नामुंजीला टेबलं हलवावी लागतात, छत्र्या एका जागी रोवून ठेवल्या तर काय उपयोग, असं त्याचं म्हणणं. मग त्याने बेसमधलं पाणी काढून वाळू भरली. वाळू दर्यावरची, दमट, तिने आठवड्यात स्क्रू गंजले. मग बेसवर विटा रचल्या. विटांना लोकांच्या पायाची बोटं ठेचकाळली. मग छत्रीच्या काड्यांना नायलॉनच्या दोऱ्या बांधून त्या सुरूच्या झाडांना ताणल्या. हेमांगीने आधीच सांगितलं होतं की दोरी दिसत नाही. त्याच रविवारी वाढायला निघालेला कामाचा पोरगा मिथुन दोरीत अडकून पडला, आणि पापलेटच्या चार तुकड्यांवर वाडीतल्या मांजरांची दिवाळी झाली. प्रीतमने दोऱ्यांना लाल फडकी बांधली. आता खानावळ फोटोत रस्त्याचं काम चालू असल्यासारखी दिसू लागली, तेव्हा त्याने स्वतःच दोऱ्या सोडल्या.

उरला शेवटचा उपाय. वारा सुटला की छत्र्या मिटायच्या.

यात अवघड काहीच नव्हतं. दांड्यावरचं हँडल गरागरा फिरवायचं, कापड खाली आलं की घड्या कवेत घ्यायच्या, पट्टा आवळायचा. एका छत्रीला एक मिनिट. पण आठांना आठ मिनिटं, आणि वारा आठ मिनिटं थांबत नाही. शिवाय छत्री उघडायला सगळे आणि मिटायला एकटी हेमांगी, असा प्रकार झाला. गिऱ्हाईक आलं की ऊन लागतं म्हणून स्वतःच हँडल फिरवून छत्री उघडायचं. लहान पोरांना तर ते हँडल म्हणजे जत्रेतला पाळणा. प्रीतमचं मत असं की रस्त्यावरून उघड्या छत्र्या दिसल्या तरच गाडी आत वळते. हेमांगी तव्यावरचा हात पुसून बाहेर यायची, आठ छत्र्या मिटायची, आत जाऊन भाकरी उलटेपर्यंत तीन पुन्हा उघडलेल्या असायच्या. रात्री तिचे खांदे दुखायचे. कमलेशला सांगितलं तर तो म्हणाला, तुम्ही दोघं बसून ठरवा. दोघं बसली की भांडण व्हायचं, म्हणून बसायची नाहीत.

वारा ओळखायची तिची एक खूण होती. कुंपणाच्या पलीकडे कमळीचं अंगण. कमळी मासेमार मांगेल्यांची, तिच्या अंगणात बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या उभ्या होत्या. दर्या कमळीला जेवढा कळायचा तेवढा मोबाईलवरच्या हवामानालाही कळत नसे. जोराचं वारं येणार असलं की ती अर्धा तास आधी बोंबील उतरवायला लागायची. कमळी उतरवतेय असं दिसलं की हेमांगी छत्र्या मिटायला धावायची. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत हा हिशोब एकदाही चुकला नाही.

चुकला तो उषाताईंच्या सुनेच्या डोहाळजेवणाला.

उषाताई बोईसरच्या. सून तेजल सातव्या महिन्यात. चाळीस माणसं, फुलांनी सजवलेला झोका, हिरव्या साड्या, आणि आठही छत्र्यांना प्रीतमने मोगऱ्याच्या माळा सोडल्या होत्या. ते सगळं छान दिसत होतं हे हेमांगीलाही कबूल करावं लागलं. ओटी भरायला सुरुवात झाली आणि तिची नजर कुंपणापलीकडे गेली. कमळी बोंबील उतरवत होती. भराभर, टोपलीत टाकत.

तेजल सहाव्या छत्रीखाली झोक्यावर बसली होती. हेमांगीला पुढचं काही सुचेना. ती सरळ गेली आणि पहिल्या छत्रीचं हँडल फिरवायला लागली. बायका माना वर करून बघू लागल्या. दुसरी मिटली, तिसरी मिटली, मोगऱ्याच्या माळा खाली गळून पडल्या. प्रीतम फोटोवाल्याला सोडून धावत आला. हेमांगी म्हणाली, वारा येतोय, सुनबाईंना आत पडवीत घ्या. एप्रिलच्या टळटळीत उन्हात चाळीस माणसं उठली, झोका तिथेच राहिला, आणि तेजलची उरलेली ओटी भांड्यांच्या कपाटासमोर भरली.

वारा आला नाही. लुगडं हलेल इतकंही वारं त्या दुपारी सुटलं नाही. पाच वाजेपर्यंत नारळाची पाती चित्रातल्यासारखी स्तब्ध होती. कमळीला पालघरचं एक गिऱ्हाईक आलं होतं आणि त्याने सगळे बोंबील एकदम मागितले होते, म्हणून ती उतरवत होती.

उषाताई जाताना हेमांगीशी बोलल्या नाहीत, प्रीतमशी बोलल्या. माणसं पांगल्यावर प्रीतम स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"वहिनी, तुम्हाला वाऱ्याची भीती नाही. तुम्हाला माझ्या छत्र्यांचा राग आहे. त्या मिटायला तुम्हाला बरं वाटतं."

 मिटलेल्या छत्र्यांची रांग बघून आपल्याला खरंच बरं वाटतं, हे हेमांगीला त्या क्षणी कळलं. आज आपण वाऱ्यामुळे धावलो की मोगऱ्याच्या माळा बघून, हे तिचं तिलाच सांगता येईना. तिने पातेली घासायला काढली आणि ठरवलं की यापुढे छत्र्यांना हात लावायचा नाही. ज्याच्या छत्र्या त्याने बघाव्यात.

पंधरावीस दिवस तिने तो शब्द पाळला. प्रीतम कधी मिटायचा, कधी नाही. दोन छत्र्या आडव्या झाल्या, एकीची काडी वाकली, पण कुणाला लागलं नाही. हेमांगी खिडकीतून बघायची आणि भाकरी थापायची. झिपरू एकदा म्हणाला, "बाय, तुमी नाय बघत आता?" ती म्हणाली, माझं काम स्वयंपाकघरात. त्या दिवसापासून दुपारी दोनला झिपरू वाडीतलं काम सोडून टेबलांच्या आसपास रेंगाळायला लागला.

मे महिन्यातला तिसरा रविवार. आठही टेबलं भरलेली. तीन वाजायला आले होते. हेमांगी तव्यापाशी उभी होती आणि खिडकीतून तिला कमळीचं अंगण दिसत होतं. कमळी बोंबील उतरवत होती. आलं असेल परत पालघरचं गिऱ्हाईक, असं हेमांगी स्वतःशी म्हणाली. मग तिने नारळाकडे बघितलं. पाती उलटी होऊन त्यांची पांढरट पाठ दिसायला लागली होती. सुरूच्या फटीतून दर्याचा एक तुकडा दिसायचा, त्यावर दूर एक काळपट पट्टा सरकत होता. आता गिऱ्हाइकाचा प्रश्न नव्हता. वारं येत होतं.

प्रीतम गल्ल्यापाशी उभा होता. तो दर्याकडे तोंड करून होता. दिसतंय की त्याला, तिने मनात म्हटलं. मिटू दे त्याच्या त्याला. आपण गेलो तर पुन्हा तेच ऐकायचं. तिने हातातली भाकरी उलटली. दुसरी थापायला घेतली. ती भाकरी तव्यावर पडली तेव्हा बाहेर पहिला फटका आला.

पाचव्या टेबलावर नालासोपाऱ्याचं एक कुटुंब होतं, दोन लहान मुली. त्यांच्या शेजारच्या चौथ्या टेबलाची छत्री एकदम वर उचलली गेली. विटा घरंगळल्या, गंजलेला स्क्रू सुटला, आणि दांडा नळीतून निघून टेबलाच्या भोकातून वर आला, बाटलीतून बूच निघावं इतक्या सहज. नऊ फुटी छत्री हातभर उंचीवर त्या मुलींच्या दिशेने वळली. झिपरू तिथेच होता. त्याने दोन्ही हातांनी दांडा धरला.

साठीतल्या सडसडीत माणसाचं वजन ते किती. छत्रीने त्याला चारपाच पावलं फरफटत नेलं, पण तेवढ्यात तिचं तोंड फिरलं आणि ती मुलींच्या डोक्यांवरून न जाता बाजूने गेली. चिऱ्यांच्या कट्ट्याशी झिपरू आपटला आणि त्याचे हात सुटले. छत्री कुंपणावरून पलीकडे गेली आणि कमळीच्या दोन वलांड्या घेऊन आडवी झाली.

हेमांगी बाहेर आली तेव्हा उरलेल्या छत्र्या गिऱ्हाइकंच मिटत होती. प्रीतम झिपरूपाशी गुडघ्यावर बसला होता. झिपरूचा डावा खांदा खाली लोंबला होता आणि गळ्याशेजारी हाड कातडीखाली उंच दिसत होतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो एवढंच विचारत होता की पोरींना लागलं का. नाही लागलं, मुलींची आई म्हणाली, आणि रडायला लागली.

गाडी प्रीतमने चालवली. बोईसरपर्यंतच्या रस्त्यावर जेवढे खड्डे होते तेवढे त्या दिवशी हेमांगीने मोजले, कारण प्रत्येक खड्ड्याला तिच्या खांद्यावर टेकलेला झिपरू दात आवळायचा. तिने त्याला विचारलं, सोडली का नाहीस छत्री, धरायची कशाला?

"कोन धरनार मंग," झिपरू म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याने आजूबाजूला बघितलं होतं आणि दुसरं कुणी नव्हतं.

दवाखान्यात फोटो काढला. गळ्याचं हाड मोडलं होतं, दोन बरगड्यांना मुका मार होता. ऑपरेशनची गरज नाही, पट्टा बांधून सहासात आठवडे हात हलवायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. झिपरूला पट्टा बांधेपर्यंत दोघं बाहेरच्या बाकावर बसून राहिली. हेमांगीच्या हाताला अजून पीठ होतं, ते वाळून कातडी ओढत होतं.

"मी बघितलं होतं," ती म्हणाली. "वारं येताना. कमळीने बोंबील काढले तेव्हाच. एक भाकरी भाजून दुसरी थापेपर्यंत मी बघत होते आणि मुद्दाम आले नाही."

प्रीतम समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"मीही बघितलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"मला वाटलं, तुम्ही याल. नेहमी येता."

हेमांगीला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली, आणि लगेच स्वतःच्या. चाळिशीतली दोन घोडी माणसं. दोघांना वारा दिसला, दोघं एकमेकांची वाट बघत उभी राहिली, आणि ज्याची ना छत्री ना खानावळ तो माणूस आत हाड बसवून घेत होता. तिला काही तरी जहरी बोलायचं होतं, पण जे सुचत होतं ते दोघांनाही लागू पडत होतं. ती उठून नळावर गेली आणि हाताचं पीठ धुतलं.

परत येताना प्रीतम एवढंच म्हणाला की उद्या खड्डे खणायला घेऊ.

खड्डे खणायला आठ दिवस लागले, कारण झिपरू. पाड्यावर जाऊन पड म्हटलं तर जाईना. गळ्यात पट्टा, हात छातीशी बांधलेला, अशा थाटात तो नारळाखाली खुर्ची टाकून बसला आणि प्रत्येक खड्डा अपुरा ठरवू लागला. दोन हात झाले तर म्हणायचा, खाली अजून वाळूच हाय, वाळूत काय राहील. अडीच हात झाले तर म्हणायचा, पानी लागला नाय अजून. प्रीतमच्या तळहाताला फोड आले. मिथुनने दोनदा कुदळ टाकून दिली. शेवटी मुरूम लागला तेव्हा झिपरूने मान डोलावली. खड्ड्यात लोखंडी पाइप उभे केले, दगड आणि काँक्रीट भरलं, दांडा पाइपात उतरवून आरपार बोल्ट घातले. छत्र्या सातच उरल्या होत्या. प्रत्येकीच्या शेंड्याशी पालघरच्या ताडपत्रीवाल्याकडून वारा निघायला फट काढून घेतली, वर टोपी शिवून घेतली. आणि हेमांगीने एक गोष्ट स्वतःच्या डोक्याने केली. सातही छत्र्यांची हँडलं काढून घेतली. उघडायची असेल त्याने स्वयंपाकघरातून हँडल मागून न्यायचं, आणि ज्याने नेलं त्यानेच वारा आला की मिटायची, मग तो प्रीतम असो नाहीतर ती स्वतः.

कमळीचं भांडण वेगळंच होतं. तिने वलांड्यांचे बांबू नवे मागितले, ते वाडीतून तोडून दिले. पण त्याउप्परही ती रोज कुंपणाशी येऊन बोलायची. माझ्या बोंबलांकडं बगून छत्र्या मिटायच्या हे कुनी सांगितला तुमाला, माझा धंदा काय तुमच्या वाऱ्याचा कोंबडा हाय? हेमांगी ऐकून घ्यायची. एकदा मात्र ती म्हणाली, मग वारं येताना एक हाक मारत जा की. कमळी म्हणाली, मी कशाला मारू, माझ्या छत्र्या नाय. पण पुढच्याच रविवारी तिने हाक मारली, आणि ती इतकी मोठ्याने की गिऱ्हाईक दचकलं.

आता प्रीतमचं उलटंच झालं. पान हललं की हा हँडल घेऊन धावायचा. दुपारच्या साध्या वाऱ्यालाही सातही छत्र्या मिटलेल्या, माणसं डोक्यावर रुमाल टाकून जेवतायत, आणि प्रीतम पट्टे पुन्हापुन्हा ओढून बघतोय. हेमांगीच आता त्याला सांगायची, भावजी, एवढ्याला काही होत नाही, पाइप कशासाठी पुरलेत, उघडा त्या. तो म्हणायचा, तुम्हीच म्हणाला होतात. ती कपाळाला हात लावायची. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खानावळ पावसाळ्यासाठी बंद झाली, कापडं काढून माळ्यावर टाकली, तेव्हा तिला पहिल्यांदा पाठ टेकल्यासारखं वाटलं.

पण झिपरूच्या हाडाचे सात आठवडे पुरे होईपर्यंत जुलै उजाडला. पाड्यावर त्याचा जमिनीचा एक तुकडा होता, पावसावरचा, तिथे भाताची आवणी करायची होती. हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. मोठा मुलगा भिका कामासाठी वसईकडे होता, त्याला सुट्टी मिळाली नाही. घरात बायको मंगळी एकटी. झिपरू याबद्दल एका शब्दाने बोलला नाही. चिकूच्या आळ्यांतलं गवत काढता काढता त्याने दोन दिवसांची रजा मागितली, तेव्हा हेमांगीला समजलं.

त्याच्या आवणीला हेमांगी आणि प्रीतम सकाळी गाडीने निघाली. वर जाणारा रस्ता चिखलाचा, अर्धा कोस चालावं लागलं. मंगळीने त्यांना बघून तोंड फिरवलं. खानावळीच्या शेठशेठाणीने आपल्या शेतात यावं हे तिला आवडलं नव्हतं, आणि नवऱ्याच्या खांद्याचं जे झालं तेही ती विसरली नव्हती. तिने हेमांगीच्या हातात रोपांची एक मूठ दिली आणि वाकली.  हेमांगीने लहानपणी माकुणसारला आवणी केली होती, अर्ध्या तासात तिच्या हातांना ते आठवलं. कंबर मात्र काही केल्या ऐकेना.

प्रीतम पलीकडच्या कोपऱ्यात लावत होता. त्याची ओळ सुंदर सरळ जात होती. बांधावर बसलेला झिपरू ती ओळ बघत होता. दुपारी मंगळी त्या बाजूला गेली. प्रीतमने लावलेली पाचसहा रोपं पाण्यावर तरंगत बांधाकडे येत होती.

"शेठ," ती सकाळपासून पहिल्यांदा बोलली, "तुमी बांधावं बसा."

प्रीतम म्हणाला, मी घट्टच लावलंय. हेमांगी चिखल तुडवत तिथवर गेली. तिने त्याच्या सरळ ओळीतलं एक रोप दोन बोटांनी धरलं आणि ओढलं. ते लोण्यातून केस निघावा तसं वर आलं. दुसरं ओढलं, तेही आलं. तिने मान वर केली तेव्हा प्रीतम तिच्याकडे, आणि मंगळी दोघांकडे बघत होती, आणि वैतागातही हसू दाबताना मंगळीच्या तोंडाचा कोपरा हलायला लागला होता.

"अंगठ्याने दाबायचं, भावजी," हेमांगी म्हणाली. "मुळं खाली चिखलात गेली पाहिजेत, नुसती ठेवायची नाहीत. ही पूर्ण ओळ काढा."

"पूर्ण?"

"पूर्ण."

त्याने काही तरी पुटपुटत पहिल्या रोपापासून सुरुवात केली. मंगळीने आपल्या हातातली अर्धी मूठ त्याच्या पुढ्यात ठेवली आणि त्याच्या शेजारी वाकून, तो कसा दाबतोय ते बघत, दुसरी ओळ लावायला घेतली.